आत्याची साडी आणि घरमालकांची सून

आत्या जाऊन आता चार महिने होतील. ती शाळेत मराठी शिकवायची, आणि मी कॉलेज संपेपर्यंत डोंबिवलीत तिच्याजवळ राहिले.

नव्वदनंतर घरोघरी केबल आली आणि गाण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. आत्या त्या पाहायची ती गाण्यासाठी नव्हे. स्पर्धक मंचावर आला की चष्मा सारखा करून ती त्याचं घर सांगायची. "वडील बँकेत. कॉलरला इस्त्री बघ." "हिचं काही खरं नाही, बांगड्या फार." ते खरं की खोटं, हे पडताळायला कोण जाणार? आम्ही मजेत ऐकायचो.

मग घरमालकांच्या सुनेचीच एका स्पर्धेत निवड झाली. घरमालक मूळचे तिथलेच, आगरी. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती आणि ते तळमजल्यावर राहत. सासूने परवानगी दिली होती, पण एकेका फेरीपुरती. सून गाण्याचे शब्द तपासून घ्यायला वर आली तेव्हा आत्याने सल्ला दिला, "सोनं घरी ठेव. लोक गाणं सोडून पाटल्या मोजत बसतात." आणि आपली बारीक काठाची सुती साडी तिला दिली.

ती सुरेख गायली. पुढच्या फेरीतही गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेतून आली ती पिशवी हातात धरूनच खुर्चीत बसली. म्हणाली, "स्टाफरूममध्ये सगळ्या हळहळत होत्या. बिचारी कुणाकडे तरी धुणीभांडी करत असेल, म्हणे. एकीने तर जुने ड्रेस बांधून ठेवलेत."

मला हसू आलं. घरमालकांच्या दारात दोन गाड्या उभ्या असत.

एवढ्यात सासूबाई जिना चढून आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, गावान सगली इचारतान, सुनेच्या गल्यान काय नाय, सोना इकलाव का? माझी भैन रडत आली सकाली. आता बास. ती नाय जायची."

मागे जिन्यावर सून उभी होती. ती कठडा धरून खाली बघत राहिली.

त्या दोघी गेल्यावर आत्याने चहा केला आणि तो तसाच राहिला. दिवाळीचा फराळ द्यायचा असला तरी ती मला खाली पाठवायची. त्या संध्याकाळी मात्र स्वतः गेली. मी मागोमाग गेले.

"चूक माझी आहे," आत्या दारातूनच म्हणाली. "तिला शिक्षा नको. या वेळी तुम्ही सजवा तिला, आणि तुम्हीही बरोबर जा."

"मंग तुमी हसाल."

"हसेन कदाचित. इतकी वर्षं हसतच होते."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदर तोंडाला लावून स्वतःच हसल्या. "बसा बाई. उब्या काय?"

पुढच्या फेरीला सून ठुशी, पाटल्या, गजरा असं सगळं घालून गेली. प्रेक्षकांत सासूबाई दिसल्या, अगदी ताठ बसलेल्या. सुनेचा नंबर हुकला. स्टाफरूमने या वेळी ठरवलं की ही पैशाच्या जोरावर आत शिरली असणार. "मागच्या फेरीतली तुमची मोलकरीणच ही," असं आत्याने त्यांना सांगितलं म्हणे. त्यांना ते पटलं नाही.

आता घरी गाणं बंदच होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण आठवड्याभराने सासूबाईच वर आल्या. चांगला क्लास कुठे आहे, विचारायला. आत्या त्या दोघींना स्टेशनपलीकडच्या एका गायिकेकडे घेऊन गेली. त्या बाईंनी सुनेचे दागिने न्याहाळले आणि आत्यालाच विचारलं, "घरात गाण्याचं काही वातावरण आहे का यांच्या?"

आत्या उत्तर देणार होती. तिने मला नंतर तसं कबूल केलं. पण ती थांबली आणि म्हणाली, "ते यांना विचारा."

"हाय तर," सासूबाई म्हणाल्या. "गावातल्या लग्नान मीच गातंय, चालीस वर्सां. हिला पन मीच सून करून आनली, ती गाना आयकून."