काकांची अरदास

गेल्या रविवारी तांड्यावर गेलो होतो, चुलतभावाच्या घरभरणीला. लापशी खायची आणि दुपारच्या एसटीने वसमतला परत यायचं, एवढाच बेत होता... आणि माझी अशी पंचाईत झाली की विचारू नका.

आधी माझ्याविषयी. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि देव मानत नाही. तांड्यावर हे सगळ्यांना माहीत आहे. काकी तर मला लांबूनच बघून ओरडते, “आला बघा, बिनदेवाचा मास्तर!”

वर्गातली पोरं चिडवत नाहीत, विचारतात. “सर, देव न्हाई मानत, तर मग मानता काय?” मी सांगतो... माणुसकी, खरं बोलणं, पुरावा. पोरं माना डोलवतात, पण समाधान काही होत नाही. खरं सांगू? माझंही होत नाही. परीक्षेत लिहायचं उत्तर वाटतं ते.

तर घरभरणी. आमच्या बंजारा तांड्यावर भोग लावल्याशिवाय कुठलंही शुभकार्य होत नाही. निखाऱ्यावर तूप आणि लापशी वाहायची आणि जाणत्या माणसाने अरदास म्हणायची. म्हणजे देवीचं नाव घेऊन सगळ्यांचं भलं मागायचं. सगळ्यांचं म्हणजे अगदी सगळ्यांचं... लेकरंबाळं, गुरंढोरं, वाटसरू, शेजारचं गाव, किडामुंगीसुद्धा.

आमच्या तांड्यावर अरदास म्हणावी ती काकांनीच. आमच्या गोरमाटी बोलीत, तोंडपाठ. लिहून कुणी ठेवलेली नाही. आठ महिन्यांपूर्वी काकांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही.

बाकीच्यांना अरदासचे तुकडे येतात. अख्खी येते फक्त मला! लहानपणी भोगाच्या वेळी काकांच्या मांडीवर जाऊन बसायचो, लापशी पहिली आपल्याला मिळावी म्हणून. ऐकून ऐकून पाठ होऊन बसली.

निखारे फुलले, सगळे बसले... आणि काकांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं.

झाली ना पंचाईत! नाही म्हणावं, तर त्यांच्याच लेकाच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची अरदास बंद पडणार. हो म्हणावं, तर जिला मानत नाही तिच्याकडे मागणं मागायचं. आणि तेही काकांसमोर, ज्यांच्याशी मी कधी खोटं बोललो नाही.

चुलतभाऊ कानाशी लागला, “म्हन ना रे, काहून अडून राहिलास? शब्दच तर हायेत.” शब्दच तर आहेत... अडचण तीच तर होती.

मग मी एक शहाणपणा केला. देवीचं नाव तेवढं गाळायचं, बाकी सगळं म्हणायचं. डोळे मिटले आणि धडाधड सुरू झालो. लेकरं झाली, गुरं झाली, वाटसरू झाले, शेजारचं गाव झालं, आणि मी थेट त्यापुढच्या ओळीवर गेलो...

काकांचा डावा हात वर झाला. थांब.

निखाऱ्यावर तूप चरचरत होतं. मला वाटलं, झालं, पकडलो गेलो. कान गरम झाले. तेवढ्यात काकी मागून कडाडली, “देवीचं नाव न्हाई घेतलं ह्यानं! राहू दे, आमी घेतो.” आणि सगळ्या बायांनी एका आवाजात नाव घेतलंसुद्धा.

म्हटलं, सुटलो बाबा. पुढचं म्हणायला तोंड उघडलं, तर काकांचा हात अजून वरच! मान नाही-नाही अशी हलवत होते.

मग त्यांनी तो हात खाली आणला आणि नव्या कोऱ्या फरशीवर बोटं हळूहळू चालवायला लागले. एकामागे एक, एका रेषेत. कुणाला काही कळेना. चुलतभाऊ म्हणाला, “बा, पानी पाहिजे का?” काका त्याच्यावर डोळे वटारून परत बोटं चालवायला लागले.

आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मुंग्या! घाईघाईत मी मुंग्या विसरलो होतो.

“किडामुंगीचंही भलं होऊ दे,” मी आमच्या बोलीत म्हणालो. काकांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि अरदास संपेपर्यंत काढला नाही. मी दोनदा अडखळलो... लपवत नाही.

लापशी वाढताना काकीने निकालच देऊन टाकला. “आता दर वक्ताला तूच म्हनायचं, मास्तर. देवीचं आमी बघून घेतो. तू फकस्त मुंग्या इसरू नको.” काका अर्ध्या ओठाने हसत होते.

परतताना एसटीत डोक्यात एकच किडा. मी देवीचं नाव घेणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक असणार. तरी बोट माझ्याकडेच केलं... आणि मग हे भलं मी मागितलं तरी कुणाकडे? ऐकायला तर समोर बसलेली माणसंच होती. त्यांच्याकडे? की माझ्या स्वतःकडेच? अजून नीट उलगडलेलं नाही.

सोमवारी सकाळी बघतो तर साखरेच्या डब्यात मुंग्यांची ही रांग! बायको पावडर शोधत होती. मी म्हटलं, थांब, आणि डबा उघडून अंगणात उन्हात ठेवला. एक एक करत सगळ्या निघून गेल्या. बायको माझ्याकडे बघतच राहिली आणि मला शाळेत उशीर झाला, ती गोष्ट वेगळी.

पोरं परत विचारतीलच, “सर, मग मानता काय?” या वेळी मुंग्यांपासून सुरुवात करीन म्हणतो. काका, तुमचे लई उपकार.