चादरीखालचं विमान

आमच्या ह्यांना विमानाचं वेड लागलं तेव्हा एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून परवाना आणला, माझ्या सासऱ्यांच्या मागे लागून एक जुनं दोन जागांचं विमान घेतलं आणि सोलापुराबाहेरच्या माळावर ते उतरवू लागले. मला वर न्यायची यांना फार हौस. मी म्हटलं, "धुरळ्यात, ढगात काही दिसेनासं झालं तर? ते आधी शिका, मग बसते."

तेही शिकायला हे पुन्हा क्लबात गेले. तिथे शिकणाऱ्याच्या डोक्यावर बाहेरचं दिसू नये म्हणून टांग्याला असतो तसा कापडी टप ओढायचे आणि नुसत्या समोरच्या तबकड्यांतल्या काट्यांवर विमान चालवायला लावायचे. पहिल्याच खेपेला यांनी विमान कलतं करून ठेवलं. शिक्षक म्हणाले, तुमचा काट्यापेक्षा स्वतःवर जास्त विश्वास आहे. मला हे लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं!

मग घरी सराव सुरू झाला. कचेरीतली फिरती खुर्ची माजघरात आली. यांच्या डोक्यावरून सोलापुरी चादर आणि विमानाचा दांडा म्हणून हातात लाटणं. मी खुर्ची फिरवायची आणि ती कुठे वळतेय ते काटा होऊन सांगायचं, "डावीकडे." हे सावरायला लाटणं उजवीकडे न्यायचे. पण खुर्ची थांबवली की हटकून ओरडायचे, "आता उलटी फिरतेय!"

"थांबलीय हो!"

"खोटं बोलतेस!"

स्वयंपाकाच्या मावशी दारातून म्हणायच्या, "वैनी, लाटणं द्या की! चपात्या कशानं लाटू मी?"

हळूहळू हे वाद घालेनासे झाले. अंग काहीही सांगो, मी म्हणेन त्यावरूनच लाटणं हलू लागलं. नवऱ्याने बायकोचं इतकं ऐकलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

वैशाखात मी विमानात पुढच्या जागेवर बसले, हे मागे. अकलूजकडचे उसाचे मळे वरून बघून परतताना धुळीचं वादळ उठलं. आभाळ, जमीन, सगळं मातकट झालं. आणि मला जाणवलं, आपण डावीकडे कलंडतोय. खात्रीच होती. बोलायच्या नळीत मी ओरडले, "अहो, पडतोय आपण! उजवीकडे घ्या!"

मागून नळीतून एकच शब्द आला, "खुर्ची."

मी जागेची कड घट्ट धरली. कलंडल्यासारखं वाटतच होतं, पण पुन्हा तोंड उघडलं नाही. धूळ विरळ झाली तेव्हा खाली गिरणीचं धुराडं दिसलं, सरळ उभं.

उतरल्यावर हा माणूस आपला आहे म्हणून मला रडू येत होतं. घरी येऊन मी खुर्चीत बसले, डोक्यावरून चादर घेतली आणि म्हटलं, "आता तुम्ही काटा व्हा."