नानांचा आरपीएम मीटर

आमच्या शेजारचे नाना यावलहून धुळ्याला केळी आणतात, त्यांच्या जुन्या डिझेल पिकअपमधून. गाडी चालवताना बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, इंजिनाचा आवाज ऐकायचे, गिअर बदलायचे आणि मग वाक्य पुरं करायचे.

यंदा त्यांना ऐकू येईनासं झालं. घरचे गाडी विकायच्या मागे लागले.

"कान गयात, पन डोया शेतस ना!" म्हणत नानांनी इंजिनाचा वेग दाखवणारा आरपीएम मीटर आणला आणि स्वतःच बसवायला घेतला. मीटरचा दिवा लागला, काटा मात्र ढिम्म. पेट्रोल गाडीसारखी, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची तार ते शोधत बसले होते. डिझेलला कॉइल असते कुठे? गॅरेजला जाऊ, असं मी खुणेने सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातात पाना दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही इंजिनाबरोबर फिरणारा डायनॅमो उघडून आतून मीटरसाठी तार काढली. काटा उठला.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत शेजारी होतो.

"यावलना रस्ता..." नाना थांबले, काट्याकडे पाहिलं, गिअर टाकला. "...आते बरा शे."

मी "हो" म्हणालो. मग चूक लक्षात आली, म्हणून मीटरसमोर अंगठा धरला.

"हात काढ रे," नाना खेकसले, "काही ऐकू येत नई."