कुंपणापलीकडचा खोकला

नुरिया सोलेर एके काळी जगात एकशे सोळावी होती, आणि हे ती आपणहून कोणाला सांगत नसे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये पार्कच्या कोर्टावर टेनिस शिकवणाऱ्या या स्पॅनिश बाईंबद्दल पालकांना एवढंच ठाऊक होतं, की बाई कडक आहेत आणि त्यांचा उजवा खांदा दुखतो. एकशे सोळावी म्हणजे काय, ते टीव्हीवर फायनल बघणाऱ्याला कळायचं नाही. स्वस्तातली हॉटेलं, बेसिनमध्ये धुतलेले कपडे, आणि मोठ्या स्पर्धेच्या नुसत्या उंबऱ्यापर्यंत पोचायला आधी पात्रतेचे तीन सामने जिंकायचे. असा संसार तिने बारा वर्षं केला.

तिचे वडील विसेंते. त्यांनी व्हॅलेन्सियाजवळच्या गावात जन्मभर बस चालवली आणि उरलेल्या वेळात पोरीला घडवलं. स्वतः कधी रॅकेट धरली नाही, पण पोरीचा खेळ त्यांना तोंडपाठ. सामना चालू असताना बाहेरून सल्ला द्यायला बंदी, म्हणून बापलेकीने खोकल्याची खूण ठरवली होती. एकदा खोकलं की चेंडू उंच मार, दोनदा खोकलं की अलगद जाळीशी टाक. पंच काही दूधखुळे नसतात, पण खोकल्याला पुरावा कुठून आणणार?

२००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेत ती पात्रतेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आली. हा जिंकला की मुख्य स्पर्धेत नाव. पहिल्याच सेटमध्ये विसेंते खोकले आणि पंचबाईंनी ताकीद दिली. तिसऱ्या सेटमध्ये नुरिया पाच-सहाने मागे, समोरचीला जिंकायला एकच गुण हवा. नुरियाने सर्व्हिससाठी चेंडू हातात घेतला आणि कुंपणापलीकडे विसेंते खोकले. दोनदा खोकले, मग थांबेचनात. पंचबाईंनी दंड म्हणून गुण समोरचीला दिला आणि सामना तिथेच संपला. चेंडू मारायची वेळच आली नाही.

तो खोकला खरा होता. हॉटेलच्या एसीने त्यांची छाती धरली होती, औषधाची बाटली आदल्या दिवशी नुरियानेच आणून दिली होती. पंचांना हे सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं खोट्या खोकल्यावर खेळल्यावर खरं कोणत्या तोंडाने सांगणार? ती गप्प बसली, आणि बाहेर आल्यावर सगळा राग बापावर काढला. म्हणाली, "यापुढे माझ्या सामन्याला येऊ नका."

ते खरंच आले नाहीत. पुढची दोन वर्षं प्रत्येक अवघड गुणाआधी तिची नजर कुंपणाकडे जायची, आणि तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी बाप उभा असायचा. मग खांद्याने दगा दिला, खेळ सुटला आणि ओहायोतली नोकरी मिळाली. दर रविवारी ती घरी फोन करी. हवापाणी, गुडघे, संत्र्यांची बाग, सगळं बोलणं होई. टेनिसचं नाव दोघंही काढत नसत.

२००७च्या उन्हाळ्यात तिच्यापुढे गुरुनाथ उभा राहिला. नागपूरचा माणूस, विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम. त्याची तेरा वर्षांची इशिता नुरियाकडे शिकत होती. लेकीचा सामना सुरू झाला की गुरुनाथला नेमका नागपूरहून फोन यायचा. कुंपणाला खेटून तो मोठ्याने बोलायचा, "हो आई, डावीकडेच ठेव, तिची डावी बाजू कच्ची आहे." अमेरिकेत मराठी कोणाला कळतंय, असा त्याचा होरा. नुरियाला मराठी येत नव्हतं, पण कानाला लावलेला घडीचा फोन उघडलेलाच नाही एवढं तिला दिसत होतं.

एका सामन्यात समोरच्या मुलीची आई शरयू पुण्याची निघाली. तिने शब्दन् शब्द अधिकाऱ्यांना इंग्रजीत सांगितला. इशिताचा गुण गेला, तोही सगळ्यांसमोर. पार्किंगमध्ये ती लालबुंद होऊन म्हणाली, "बाबा, डोन्ट कम टू माय मॅचेस. एव्हर."

गुरुनाथने हसून वेळ मारून नेली, पण त्याचा चेहरा पडला होता. मागे चेंडूंची टोपली गाडीत ठेवणाऱ्या नुरियाने ते ऐकलं. तिने त्याच दिवशी इशिताला गाठलं आणि तुझा बाप माझ्याशेजारी बसेल, तोंडातून शब्द काढणार नाही, अशी हमी दिली. इशिता कशीबशी कबूल झाली. मग नुरियाने गुरुनाथचा फोन गाडीत ठेवायला लावला आणि तोंड सतत चालू राहील असं काहीतरी खायला आणायला सांगितलं. तिच्या गावी लोक खेळ बघताना सूर्यफुलाच्या बिया खात, तोंड भरलं की अक्कल शिकवणं बंद. गुरुनाथ खारे शेंगदाणे घेऊन आला.

पुढच्या स्पर्धेत इशिता तिसऱ्या सेटमध्ये पाच-सहाने मागे होती, समोरचीला एक गुण हवा होता. गुरुनाथने श्वास रोखला आणि दाणा घशात अडकला. तो खोकला. दोनदा खोकला, मग थांबेचना. त्याची कीर्ती ऐकून असलेला अधिकारी हात वर करून निघाला. इशिता मान खाली घालून उभी राहिली.

नुरिया ताडकन उठली. "हा खोकला खरा आहे," ती म्हणाली. आवाज गरजेपेक्षा फार मोठा निघाला. "त्याला पाणी द्या."

अधिकाऱ्याने गुरुनाथचे पाण्याने भरलेले डोळे पाहिले आणि हात खाली घेतला. गुण खेळला गेला आणि इशिता हरली. पण रॅकेट टाकून ती आधी कुंपणाशी धावली. "बाबा, आर यू ओके?"

नुरियाने गाडीत बसून घरी फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून विसेंते घाबरले. तिने इशिताचं सगळं सांगितलं आणि मग पाच वर्षं घशात अडकलेलं बाहेर काढलं.

"बाबा, त्या दिवशी तुमचा खोकला खरा होता. मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही."

विसेंतेंनी विचारलं, "मुलगी जिंकली का?"

"हरली."

"आणि बाप?"

"होता," नुरिया म्हणाली. "शेवटपर्यंत तिथेच होता."