मुखतादेदची राखीव जागा

भाजी विकणारी फाजी कुणाचं काही विसरत नसे. कधीकाळी एखादीने तिच्या हाक नावाच्या पालेभाजीला किडकी म्हटलं असेल, तर तिला आजही टोपलीच्या तळातलीच जुडी मिळायची. मग जिने तिची धाकटी बहीण जेबा मातीआड केली, तिला ती कशी सोडणार?

जेबाला ताप भरला तेव्हा सासरी भाताची लावणी चालली होती. सासू मुखता म्हणाली, "लावणी आली की लाडक्या सुनांना ताप येतोच." पोर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत राहिली आणि लावणी उरकायच्या आत गेली. फाजीने बहिणीच्या कबरीच्या उशाशी पांढऱ्या फुलांची आयरिस लावली, आमच्याकडे सगळ्याच कबरींवर लावतात तशी. ती त्यांच्या आईच्या परसातली होती. पुढे नाल्याला पूर आला, परस वाहून गेलं. आई आणि बहीण दोघींचं म्हणून जगात जे काही उरलं, ते त्या आल्यासारख्या गड्ड्यांत उरलं होतं.

आता मुखतादेदची (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे देद म्हणतात) तऱ्हा बघा. जिवंतपणी सुनेला कधी वाटीभर गरम चहा दिला नाही, पण ईद जवळ आली तसा तिला मायेचा पूर आला. लोक कबरस्तानात येणार, बघणार! तिने शेणखत कालवलेला चिखल आणवला, कबरीवर जाडजूड थापला आणि वर रोज घागरभर पाणी. आयरिसच्या गड्ड्याला पाठीवर ऊन लागतं. तिला असं गाडलं की ती गुदमरते.

फाजी आली तेव्हा पाती पिवळी पडून लोळत होती. तिने एक धरली, तर अख्खा झुपका हातात आला, मेलेल्या उंदरासारखा वास मारत. फाजी रडली नाही. तिने पदर खोचावा तशा अंगातल्या घोळदार फेरनच्या बाह्या वर सारल्या आणि चिखल उकरायला बसली.

तेवढ्यात मुखता चार बायका घेऊन हजर. "बघा गं बघा! मेलेल्या बहिणीलाही सुखाने निजू देत नाही. कबरस्तानात लागलेलं उपटायचं नाही, हा गावाचा कायदा आहे. उपटणाऱ्याचा हात झडतो!"

"सडलंय ते, देद. तुम्ही सडवलंत."

"सडलेलं असो की वाळलेलं. लागलं ते लागलं!"

शेवटी कबरी खणणाऱ्या सुल्लाकाकाला बोलावलं. त्याने गड्डा हुंगला आणि नाक मुरडलं. "उपटणं वेगळं, औषधपाणी वेगळं. कर तू. पण फाजी, लोखंड लावायचं नाही आणि इथलं इथेच राहायला हवं. एक तुकडा बाहेर गेला तर मी जाब विचारीन."

"शेवटच्या तुकड्यापर्यंत इथेच लावीन, काका."

लाकडी पळीने तिने एकेक गड्डा खरवडला. आतला लगदा निघाला, तरी ती थांबली नाही. घट्ट, पांढरं, करकरीत लागेपर्यंत ती खरवडत राहिली आणि प्रत्येक ओरखड्याला तिच्या मनात एकच माणूस होतं. मग ते तुकडे तिने कबरस्तानाच्या भिंतीवर उन्हात मांडले आणि शेजारीच भाजीची टोपली मांडून बसली. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय गं?"

"जेबाची आयरिस. ताप असताना पोरीला चिखलात उभी केली, आणि मेल्यावर तिच्या फुलालाही चिखलातच गाडलं. जुडी कोवळी आहे, घेऊन जा."

तुकडे वाळेपर्यंत भाजीबरोबर ही गोष्टही घराघरांत शिजली. मग फाजीने कापांना कांगडीतली, शेकायच्या निखाऱ्यांची राख चोळली, कबरीवरचा चिखल पार काढून टाकला आणि गड्डे पाठ उघडी ठेवून लावले. तरीही काही तुकडे उरलेच. बाहेर न्यायचे नाहीत, असा शब्द दिला होता.

जेबाच्या शेजारी, वाटेकडेला, भरपूर उन्हाची एक जागा होती. येणाऱ्याजाणाऱ्याची दुवा मिळावी म्हणून मुखताने ती चार दगड ठेवून स्वतःसाठी राखली होती. फाजीने उरलेले, चांगले टपोरे तुकडे त्या दगडांच्या मधोमध लावले. अगदी मन लावून लावले.

बातमी कळताच मुखता धापा टाकत आली. "अगं कैदाशिणी! मी जिवंत आहे अजून!"

"दिसतंय की, देद. घाई कुणाला आहे? यालाही रुजायला वेळ लागतो."

"सुल्ला! उपट ते! आत्ताच्या आत्ता उपट!"

सुल्लाकाकाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "कसं उपटू? कबरस्तानात लागलेलं उपटायचं नाही. तुम्हीच तर चारचौघींसमोर सांगितलंत." मुखताच्या मागोमाग आलेल्या बायकांनी हसू लपवायला ओढण्या तोंडावर घेतल्या.

मुखताने रात्रीबेरात्री ते स्वतः उपटलं असतं, पण हात झडण्याची भीती तिने इतरांना घालता घालता स्वतःलाही घालून ठेवली होती.

वसंतात जेबाच्या उशाशी दोनचारच फुलं आली, अजून अशक्त होती ती. चार दगडांच्या मधे मात्र पांढराशुभ्र ताटवा उभा राहिला. मुखताच्या घरून झऱ्यावर जायला ती एकच वाट. ती मान वळवून, पुटपुटत, भराभरा जायची.

फाजी दर शुक्रवारी येते आणि दोन्हीकडचं तण सारख्याच निगुतीने काढते. मुखता दिसली की उठून उभी राहते, अदबीने सलाम करते आणि वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "तब्येत कशी आहे, देद? तुमची आयरिस छान धरलीय हो. आता फक्त तुमचीच वाट बघतेय."