तिलवाऱ्याची पट्टी

आवडीनं नोकरी करणारे लोक मी पाहिले आहेत. मी त्यांच्यातला नव्हतो. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही जबलपुरातच राहिलो, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी मला सरकारी नोकरी लागली ती नर्मदेचं पाणी मोजायची. तिलवाऱ्याच्या पुलाच्या खांबावर एक पट्टी रंगवलेली होती. तिच्यावर पाणी कुठवर आलं ते रोज सकाळी आठ वाजता पाहायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. आईनं पेढे वाटले. वाटताना काम नेमकं काय, हे मात्र ती कोणाला सांगत नव्हती.

पावसाळ्यात कामाला थोडी तरी इज्जत होती. पूर आला की साहेब स्वतः विचारायचे. हिवाळ्यात कोणी विचारत नसे. माझ्या आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाबूंनी मला पहिल्याच थंडीत रीत समजावून दिली. "अरे, थंडीत पाणी रोज एक बोट उतरते. काहून रोज सायकल हाणतो घरून, मदन महलहून? सोमवारी ये, पुढच्या हप्त्याचं लिहून टाक." त्यांनी तीस वर्षं तसंच केलं होतं. मीही तेच करू लागलो. रोज एक बोट कमी. गंमत म्हणजे माझं रजिस्टर इतकं सुबक दिसायचं की साहेबांनी ते इतरांना दाखवलं.

नदीच्या वाळूत टरबूज-डांगराची वाडी करणारा एक माणूस होता. आमच्यासारखाच मूळचा वर्ध्याकडचा, घरात मराठी बोलणारा. त्याची दोन वावरं होती, एक उंचावरच्या वाळूत आणि एक पाण्याजवळ. पाण्याजवळचं पीक लवकर यायचं आणि त्याच्यावरच त्याचं वर्ष निघायचं. पण हप्त्याभरात पाणी दोन बोटं जरी चढलं असेल, तर तो खाली बी टाकत नसे. वर मंडल्याकडे पाऊस झाला असेल तर मागून आणखी पाणी येते, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या वर्षी तो आठ दिवस मुलीच्या लग्नाला वर्ध्याला गेला होता. परतला त्या सोमवारी मी पुलाखालीच होतो. पट्टी पाहिली तर पाणी मागच्या सोमवारपेक्षाही चार बोटं वर. म्हणजे मधल्या दिवसांत ते चढलं होतं. मी काय केलं? आधीच लिहून ठेवलेले आठवड्याचे आकडे बदलले असते तर खाडाखोड दिसली असती. साहेबांनी वाखाणलेलं रजिस्टर. मी सोमवारचाही आकडा माझ्या हिशोबाचाच लिहिला.

तेवढ्यात तो खाली आला. "राम राम बाबूजी. हप्ताभर पाणी कसं राहिलं?"

मी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं. "उतरून राहिलं. रोज एक बोट."

"अच्छा. चलो, मंग टाकतो खाली."

त्याला थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं. मी ते बोललो नाही. सायकल काढली आणि घरी जाऊन जेवलो.

पाचव्या दिवशी पाणी आलं. पूर नव्हता, हातभरच होतं, पण आळी, खत, बी सगळं घेऊन गेलं. मी पुढच्या सोमवारी पोचलो तेव्हा तो ओल्या वाळूत उकिडवा बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं नुसतं विचारलं, "बाबूजी, तुम्ही तं पाहून सांगितलं होतं ना?"

मी हो म्हणालो. आयुष्यात मला इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही, आणि ती वाटत असतानाही मी खोटंच बोलत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. कोणी सांगितलं म्हणून नाही. थंडीत, सणाला, ताप असताना. पाणी एक बोट उतरत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते अर्धं बोट उतरतं, दोन दिवस थांबतं, कारण नसताना चढतं. माझं रजिस्टर ओबडधोबड झालं आणि साहेब चिडले. मला मात्र सकाळचे आठ कधी वाजतात असं होऊ लागलं. त्याला आवड म्हणायचं तर म्हणा. निवृत्त होईपर्यंत एक दिवस चुकला नाही.

त्या माणसानं पुढच्या थंडीत पट्टीशेजारी बाभळीची एक काठी रोवली आणि तिच्यावर कोयत्यानं खाचा पाडल्या. मला त्यानं काही विचारलं नाही. राम राम करायचा, काठी पाहायचा, जायचा. पावसाळ्यात काठी वाहून जायची, थंडीत तो नवी रोवायचा. अशी सहा-सात वर्षं गेली. मग एकदा, बी टाकायच्या दिवसांत, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "हप्ताभर कसं राहिलं, बाबूजी?"

मी सातही दिवसांचे आकडे सांगितले. न वाचता, तोंडपाठ. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मग खाली उतरून आधी आपली काठी पाहिली, आणि मगच बियाण्याची टोपली उचलली.