दात ओल्यात की सुक्यात?

आमच्या घरात चार कात्र्या आहेत. तरीही चिवड्याची पिशवी मी दातांनीच फोडायचे.

त्या दिवशी 'टक्' असा आवाज आला तेव्हा मला वाटलं, फुटली एकदाची. पिशवी जशीच्या तशी होती. माझा वरचा, अगदी पुढचा, दर्शनी दात मात्र तळहातावर येऊन पडला होता.

"कात्री ड्रॉवरमध्ये होती," आमचे हे म्हणाले. (बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं सांत्वन नेहमी असंच केलं आहे.)

"अहो, दात पडला माझा!" मी ओरडले. निदान तसं ओरडायचं होतं. प्रत्यक्षात त्या फटीतून सगळी हवाच गेली. नंतर कळलं की 'स'ही हवेबरोबर गेलाय. साखर म्हणायला जावं तर शाखर. सासू म्हणायला जावं तर शाशू. मी मराठीची शिक्षिका! "साळा नव्हे रे, शाळा!" असं म्हणत पोरांच्या जिभा सरळ केल्या तीस वर्षं. आता माझ्या तोंडून सगळेच श, आणि तेही इतके शुद्ध की मलाच लाज वाटावी.

एरवी मी महिनाभर तोंडाला पदर लावून बसले असते. पण तीन आठवड्यांनी येवल्याची मंडळी घरी यायची होती. आमच्या निनादने आपल्या ऑफिसातली केतकी पसंत केली होती, तिनेही याला (का कोण जाणे!) पसंत केलं होतं, आणि आता मोठ्यांची पहिली बैठक होती. मुलाची आई म्हणून मी कशी प्रसन्न हसून स्वागत करणार होते, हे आरशासमोर ठरवूनही झालं होतं. त्या हसण्यात आता मधोमध खिडकी पडली होती.

डॉक्टर गौरी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. जिला मी वर्षभर "तोंड बंद!" म्हणून ओरडले, तीच मला दिव्याखाली आडवं करून म्हणाली, "बाई, तोंड उघडा. अजून. अजून मोठं."

मग तिने समजावून सांगितलं. "तीन मार्ग आहेत, बाई. पहिला, काढता-घालता येणारा दात. दुसरा, ब्रिज. शेजारचे दोन दात थोडे घासायचे आणि त्यांच्या आधाराने मधला दात बसवायचा. तिसरा, इम्प्लांट. हाडात छोटासा स्क्रू घालायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं आणि मग त्यावर कायमचा दात."

'ब्रिज' शब्द ऐकताच यांचे डोळे चमकले. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. उभा जन्म पूल बांधण्यात गेला. घरी येताच कागदावर माझ्या जबड्याचा नकाशा काढला.

"दोन्ही काठ भक्कम आहेत तुझे. पूलच बांधू."

"आणि त्याशाठी माझे दोन धडधाकट दात घाशायचे?"

"पुलासाठी थोडं भूसंपादन करावंच लागतं."

निनाद इम्प्लांटवर अडून बसला. "आई, कायमचं काम करून टाक." सटाण्याहून माझ्या नणंदबाईंचा फोन आला. त्या सगळं ऐकून आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "दात गया ते गया, जीभ ते शे ना? मंग तुनं काय अडनं?" म्हणजे काय, तर जीभ आहे ना, मग अडलं कुठे! सासरच्या माणसांचं माझ्याबद्दलचं मत मला तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत कळलं.

शेवटी इम्प्लांट ठरलं. स्क्रू बसला. आणि मधल्या काळासाठी गौरीने एक काढता-घालता येणारा दात दिला. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि तिच्या टोकाला एकुलता एक दात.

"कडक खाताना काढायचा. काढला की या डबीतच ठेवायचा. आणि धुवायचा तो गार पाण्यानेच. गरम पाणी अजिबात नाही. लक्षात राहील ना, बाई?"

"मी शिक्षिका आहे, गौरी," मी म्हणाले. आणि शेवटच्या दोन्ही सूचना तिथेच विसरले.

तो रविवार उजाडला. मंडळी अकराला यायची होती. निनाद केतकीला आणायला गेला होता. मी सकाळी चकल्या कुरकुरीत आहेत ना, ते बघायला दात काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि ओट्यावर ठेवला. (डबी? डबी होती की देवघरात. तिच्यात मी कापूर ठेवला होता.) चकल्या छान झाल्या होत्या. त्या आनंदात मी पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी बदलायला गेले.

परत येते तर ओटा लख्ख!

"मी आवरला," हे अभिमानाने म्हणाले. "म्हटलं, आज तुला मदत करावी. कचराही देऊन टाकला घंटागाडीत."

बत्तीस वर्षांत या माणसाने ओट्याला हात लावला नव्हता. मुहूर्त बघा कसा काढला!

"अहो, त्यात माझा दात होता!"

पुढच्या मिनिटाला मी स्कूटरवर यांच्या मागे बसले होते. अंगात फुलाफुलांचा गाऊन, वर ओढणी, आणि फट झाकायला नाकाडोळ्यांपर्यंत स्कार्फ. घंटागाडीचं गाणं कुठल्या गल्लीतून येतंय त्याचा कानोसा घेत आम्ही इंदिरानगर पालथं घातलं. "डावीकडे! नाही, उजवीकडे!" अखेर तिसऱ्या चकरेला ती आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर सापडली. मी चालत्या स्कूटरवरून "थांबाऽऽ!" अशी आरोळी ठोकली. गाडीआधी दोन रिक्षा थांबल्या.

गाडीचे चालक सलीमभाई खाली उतरले. "क्या हुआ, भाभी?"

"दात! माझा दात गेलाय तुमच्या गाडीत!"

सलीमभाई सज्जन माणूस. हसले नाहीत. कचऱ्याकडे बघत फक्त कामाचा प्रश्न विचारला.

"ओल्यात टाकला का सुक्यात?"

मी यांच्याकडे बघितलं. हे आभाळाकडे बघू लागले.

"दात म्हणजे... तसा सुकाच," हे म्हणाले. "पण तोंडातला म्हणजे ओला. मी आपलं सगळं एकत्रच..."

"साहेब!" सलीमभाईंना खरा धक्का बसला तो इथे. "एकत्र टाकता तुम्ही?"

शेवटी आमची पिशवी मीच ओळखली. रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरून ती ओतली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, कालच्या मेथीच्या काड्या. मी उकिडवी बसून दोन्ही हातांनी चिवडत होते, इतक्यात मागे एक गाडी थांबली. काच खाली गेली.

"ओ मावशी, पाटणकरांचं घर कुठं आलं हो?"

तो आवाज मी व्हिडिओ कॉलवर दोनदा ऐकला होता. केतकीच्या आई, कुंदाताई! उशीर नको म्हणून ही माणसं सव्वा तास आधी येऊन थडकली होती. आमचं घर त्यांच्या गाडीपासून तीस पावलांवर होतं. मी कचऱ्यात होते.

मला आजही सांगता येणार नाही की मी असं का केलं. पण मी मान वर न करता, मेथीची काडी धरलेला हात लांब करून म्हणाले, "शरळ जा. शरळ द्वारकेला. तिथे कोणालाही विचारा."

"पण मोबाईल म्हणतोय, आलं म्हणून," आतून कुणीतरी म्हणालं.

"मोबाईलचं काय ऐकता? मावशी इथल्याच दिसतात," कुंदाताई म्हणाल्या. गाडी गेली.

नाशिककरांना सांगायला नको की रविवारच्या सकाळी द्वारकेच्या चौकात शिरलेला माणूस पुन्हा कधी बाहेर येईल हे देवही सांगू शकत नाही.

"अगं, ते आपले व्याही होते!" हे किंचाळले.

"होणारे. अजून झाले नाहीत. तुम्ही चोथा बघा!"

दात चोथ्यातच सापडला. सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले. पण कचऱ्यातला दात तसाच तोंडात कसा घालणार? मी पातेल्यात पाणी खळखळा उकळलं आणि त्याला चांगली दहा मिनिटं आंघोळ घातली. निर्जंतुक झाला. आणि वाकलाही! गुलाबी पट्टी केळफुलाच्या पाकळीसारखी वळली. दाबून दाबून बसवली तर बसली, पण डुगडुगत. आता 'स' म्हटला की शिट्टी वाजायची, तीही अगदी कुकरसारखी.

साडेअकराला मंडळी पोचली. घामेघूम. कुंदाताई, त्यांचे यजमान आणि येवल्यात आजही रोज हातमागावर बसणारे केतकीचे आजोबा. पाठोपाठ निनाद आणि केतकीही. मी पैठणी नेसून, ओठ मिटून दारात उभी.

"काय सांगू, ताई," कुंदाताई सोफ्यात कोसळत म्हणाल्या, "इथं कोपऱ्यावर एक बाई कचऱ्यात बसलेली. तिनं पार द्वारकेला धाडलं आम्हाला! तास झाला, एकाच जागी उभे."

"काय तरी एकेक बायका!" मी म्हणाले. ह्यांना ठसका लागला. ते उठून आत गेले.

मी ठरवलं होतं, 'स' नसलेलेच शब्द बोलायचे. मराठीची शिक्षिका आहे, शब्दांना काय तोटा? पण बैठकीत बसल्यावर लक्षात आलं की लग्नाचं अख्खं गणगोत 'स'वर उभं आहे. सून, सासू, सासर, संसार, सोयरीक, सुपारी, साडी! मी आपली "मुलाची पत्नी" आणि "वधूवरांचं कौटुंबिक जीवन" असं बोलत राहिले. निनाद माझ्याकडे बघायला लागला. केतकी त्याच्याकडे बघायला लागली.

आजोबा बशीत चहा ओतून, त्यात चकली भिजवून मजेत खात होते. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. चौथा मार्ग! तो गौरीने सांगितलाच नव्हता.

"मंग," आजोबा म्हणाले, "साखरपुडा कधी करायचा म्हनता?"

सगळे माझ्याकडे वळले. साखरपुड्याला दुसरा शब्द काय? वाङ्निश्चय! तो सुचला, पण उशिरा. तोवर मी उत्साहात म्हणून बसले होते, "साखरपुडा? सोयीचा सोमवार..."

पहिल्या 'सा'ला शिट्टी वाजली. दुसऱ्या 'सो'ला दात सुटला. टीपॉयवरून सरळ गेला आणि आजोबांच्या बशीत, चहात, 'डुबुक'!

आजोबांनी बशीत वाकून पाहिलं. दोन बोटांनी दात उचलला, निथळला, उजेडात धरला.

"मला नको हो, ताई," ते शांतपणे म्हणाले. "माजं बिनदाताचं लय झ्याक चाललंय." मग एकदम त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "आत्ता ग! ते 'शरळ जा' ह्या फटीतलंच! म्हंजे सकाळी कचऱ्यात तुमी ह्येच हुडकत व्हत्या व्हय!"

मी मान खाली घातली. हे दारातूनच परत आत गेले. निनादने डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं, सोयरीक चालली. चांगली मुलगी हातची चालली, आणि तीसुद्धा एका दातापायी.

"हो," मी म्हणाले. फटीतून जसं निघेल तसं सगळं सांगून टाकलं. चिवडा, स्क्रू, ओटा, घंटागाडी, चोथा. "तुमच्याशमोर अशी यायची लाज वाटली हो. चुकलं माझं."

कुंदाताईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, रडतायत. तर त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या त्या.

"अहो ताई! तुम्ही मराठीच्या बाई म्हणून आम्ही किती घाबरलो होतो! निफाडपासून आजोबांना शिकवत आणलंय, 'नाय' म्हणू नका, 'नाही' म्हणा. आलोसुद्धा तेवढ्यासाठीच लवकर. म्हटलं, पहिल्याच भेटीत उशीर झाला तर बाई पायाचे अंगठे धरायला लावतील!"

मग सगळेच सुटले. हेही बाहेर आले. केतकीने उठून मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, मी घाबरून रात्रीपासून जेवले नाहीये. चकल्या घेऊ का?"

आजोबा एकटेच गंभीर होते. ते माझ्या पदराकडे निरखून बघत होते. काठ बोटांनी चाचपून त्यांनी तो उलटा केला.

"ताई, रागावू नका. पन दाताचं जाऊ द्या. ही पैठनीबी मशीनचीच हाय."

तर अशी माझ्या अब्रूची उरलीसुरली बाजूही त्या दिवशी उलटी करून पाहिली गेली. सोयरीक मात्र जुळली. साखरपुडा चार महिन्यांनी ठरला, कारण तोवर दात पक्का बसावा असा आग्रह दोन्हीकडून झाला.

बसला. गौरीने स्क्रूवर सुंदर दात चढवला. हलत नाही, वाजत नाही, उडत नाही. साखरपुड्याला मी माईक हातात घेतला आणि साठलेले सगळे 'स' एकदम बाहेर काढले. सासू-सून, संसार, सहजीवन, संस्कार, सामंजस्य! पाऊण तास बोलले. एकही अक्षर घसरलं नाही. जेवणाची पंगत जरा खोळंबली, पण त्याला इलाज नव्हता.

पुढच्या आठवड्यात तपासणीला गेले तर हे आपणहून बरोबर आले. गौरीने दात हलवून पाहिला, खूश झाली.

"काही तक्रार, बाई?"

"काहीच नाही!"

"माझी आहे," हे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "डॉक्टर, तीन मार्गांतला तो पहिला, काढता येणारा... तो आता परत बसवता येतो का?"